शंभर टक्के हजेरी

मनोर
८ डिसेंबर २०२५

सुजित,

चिरंजीव, अनेक आशीर्वाद वगैरे आज लिहीत नाही. राग उतरला की लिहीन. फोन केला तर तू ‘मीटिंगमध्ये आहे ताई’ म्हणतोस, मेसेज केला तर नुसता अंगठा पाठवतोस. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. आमच्या केंद्रातले भावेश सर रोज बोईसरहून मोटारसायकलवर येतात, त्यांच्या हाती देते आहे. उत्तर त्यांच्याच हाती दे.

आज तुझ्या कंपनीचं पाकीट शाळेत आलं. आत चकचकीत प्रमाणपत्र. ‘चमकती पाटी उपक्रम. नोव्हेंबर महिन्याची हजेरी शंभर टक्के. सर्वोत्तम शाळा.’ खाली माझं नाव, अण्णांच्या नावासकट.

सुज्या, माझ्या पटावर चोवीस पोरं आहेत. आज वर्गात किती होती सांगू? तेरा. अकरा पोरं आईबापाबरोबर वीटभट्ट्यांवर गेली. दरवर्षी जातात. भात कापून झालं की पाडा अर्धा रिकामा होतो, तो पाऊस तोंडावर आला की भरतो. जाताना प्रत्येक पोराच्या हातात मी शिक्षण हमी कार्ड दिलं. हे पोर माझ्या शाळेत इथवर शिकलंय, जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावं, असा तो कागद. अकरा कार्डं मी माझ्या हाताने लिहिली. मग ही अकरा पोरं माझ्या वर्गात हजर आहेत हे तुमच्या कंपनीला कुणी सांगितलं?

पोराने टॅबवर आपलं नाव दाबायचं, पाठ उघडायचा, पाच प्रश्न सोडवायचे, की हजेरी आपोआप सरकारी पोर्टलवर जाते, हे मला तूच शिकवलंस. मी तुझ्या टॅबला कधी नावं ठेवली नाहीत. उलट पोरं हरखून गेली होती. पहिल्या दिवशी चिंतू मोठा पडदा ओल्या फडक्याने पुसायला धावला, फळा समजून. देवूची जिवली तर नकाशावर बोट ठेवून आपल्या पाड्यापासून समुद्रापर्यंत जायची आणि परत यायची, रोज. म्हणूनच तुला म्हटलं होतं, जाणाऱ्या पोरांबरोबर टॅब पाठवू, धडे भरून देऊ, भट्टीवर बसून वाचतील. तेव्हा तू म्हणालास, ‘मालमत्ता शाळेबाहेर नेता येत नाही.’ बरं बाबा. त्यांचे टॅब कपाटात आहेत. कुलूप मी लावलंय. मग ते चालवतंय कोण?

भाऊबीजेला ओवाळल्यावर तू विचारलंस, काय घालू ओवाळणी? मी म्हटलं, हे ऑनलाइन माहिती भरायचं भूत माझ्या मानेवरून उतरव, शिकवायला वेळ उरत नाही. तू म्हणालास, दे तुझा पासवर्ड, वर्षभर मी भरतो, हीच ओवाळणी. आणि मी शहाणी, कुंकवाच्या बोटांनी पासवर्ड लिहून दिला.

काय केलंस ते सरळ सांग.

वर्षाताई

*

बोईसर
१३ डिसेंबर

ती. ताईस साष्टांग नमस्कार,

किती तापतेस गं! अण्णांना पत्र दाखवलं नाही, उगीच त्यांचा बीपी वाढायचा. वैभवीने मात्र वाचलं. ती म्हणाली, अहो, तुमच्या ताईंना पत्र लिहिताना श्वाससुद्धा घ्यावा लागत नसेल, एका दमात लिहितात.

हे बघ, घाबरण्यासारखं काही नाही. ऑफिसात दोन ट्रेनी मुलं आहेत. दुपारी जेवणानंतर ती बसतात आणि जी खाती रिकामी राहतात ती चालवतात. दहा मिनिटांचं काम. हजेरी ऐंशी टक्क्यांच्या खाली गेली की शाळा लाल रंगात दिसते. लाल झाली की मुख्याध्यापकाला नोटीस. तुझ्या शाळेत मुख्याध्यापक पण तूच, शिक्षिका पण तूच. म्हणजे नोटीस कुणाला? मी भाऊ आहे म्हणून हे केलं. दुसऱ्या कुणासाठी केलं असतं का?

पोरं भट्टीवर आहेत, ती जूनमध्ये परत येणार. तोवर पडद्यावर हिरवी दिसली तर कुणाचं काय बिघडलं? ना पोराचं, ना तुझं. गेल्या वर्षी तुला नोटीस आली तेव्हा तू फोनवर रडत होतीस, आठवतं? मला ते परत ऐकायचं नव्हतं.

प्रमाणपत्र फ्रेम करून लाव भिंतीला आणि शांत हो.

तुझा
सुजित

*

मनोर
२२ डिसेंबर

सुजित,

कुणाचं काय बिघडलं म्हणून विचारलंस ना? ऐक.

परवा देवू रेशन घ्यायला पाड्यावर आला होता. दोन आठवड्यांनी एकदा येतो, धान्य घेतो, रात्रीच्या गाडीने परत. शाळेच्या पायरीवर येऊन बसला. मी म्हटलं, जिवली शाळेत जाते ना रे तिकडे? तो म्हणाला, “नाय बाई. मास्तर बोलला, ही पोरगी तिकडं हजर हाय, इकडं कशी घेऊ? मशीनमदी दिसते हाय.”

मी त्या हेडमास्तरांना फोन लावला. माणूस उर्मट नाही, घाबरट आहे. म्हणाले, “बाई, तुमचं कार्ड माझ्यासमोर आहे. पण पोर्टलवर तुमची विद्यार्थिनी कालसुद्धा तुमच्या शाळेत हजर आहे, पाचपैकी पाच गुण आहेत. एकच मूल दोन शाळांत हजर दाखवलं तर माझी नोकरी जाईल. कार्ड काय, हाताने लिहिलेलं आहे. मी मशीन मानू की कार्ड?”

आता सांग, मी काय बोलू त्यांना? माझा भाऊ जेवण झाल्यावर माझ्या पोरांची हजेरी लावतो असं सांगू?

अकराच्या अकरा पोरांचं हेच झालंय. एकालाही कुठे घेतलं नाही. दीड महिना झाला. जिवली चौथीत आहे. सकाळपासून धाकट्या धीरजला कडेवर घेऊन भट्टीपाशी बसते आणि दुपारी आईबरोबर कच्च्या विटा उलटते. तिची मोठी बहीण सोमी अशीच एक वर्ष बसली, पुन्हा शाळेत आली नाही, तेराव्या वर्षी लग्न झालं. जिवलीची मला खात्री होती. ही पोरगी सुटेल म्हणून मी चार वर्षं तिच्यामागे लागले होते. आणि तिचा रस्ता कुणी अडवला? सावकाराने नाही, भट्टीमालकाने नाही. माझ्या सख्ख्या भावाने, माझाच पासवर्ड वापरून!

करायला गेलास गणपती आणि झाला मारुती, असंसुद्धा म्हणता येत नाही. तू मारुतीच करत होतास, फक्त मला गणपती म्हणून दाखवलास.

केंद्रप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, कंपनीचा विषय आहे, जरा थांबा. कशासाठी थांबू ते सांगेनात. आठ दिवसांत ही अकरा नावं ‘स्थलांतरित’ म्हणून टाक. मी प्रयत्न केला, माझ्या पासवर्डने आता उघडतच नाही. तू बदललास का रे तो?

वर्षाताई

*

बोईसर
३ जानेवारी २०२६

ताई,

हो, पासवर्ड बदलला. तू रागाच्या भरात काहीतरी करशील म्हणून बदलला.

नीट वाच, आरडाओरडा न करता. आता एक नाव जरी ‘स्थलांतरित’ टाकलं तरी यंत्रणा मागची सगळी नोंद तपासायला घेते. दोन महिने भट्टीवर असलेली पोरगी पाठ कसे सोडवत होती हा प्रश्न येणारच. आणि खातं कुणाच्या नावावर आहे? तुझ्या. सही कुणाची? तुझी. मी कुठेच नाही, ताई. मी तुला धमकी देत नाही, जे आहे ते सांगतोय. तू निलंबित होशील. अण्णांनी डाय कंपनीत वीस वर्षं नाकातोंडात रंग घेऊन तुला डी.एड. केलं. गावी अहमदपूरला गेले की अजून सांगत असतात, माझी पोरगी सरकारी मास्तरीण आहे.

फक्त तीन आठवडे थांब. २४ जानेवारीला पालघरला कार्यक्रम आहे. मुंबईहून मोठे साहेब येणार आहेत. ते बघून खूश झाले की आणखी चाळीस शाळांना टॅब मिळतील. चाळीस! विचार कर, किती पोरं. कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी मी गुपचूप सगळी नावं काढतो, ‘तांत्रिक चूक’ म्हणून. शब्द देतो.

आणखी एक आहे, आधीच सांगतो, नंतर बोंब नको. चमकत्या पाटीत ज्या विद्यार्थ्याचे गुण सर्वांत जास्त त्याचा सत्कार आहे. नाव यंत्राने निवडलं, मी नाही. ट्रेनी पोरं इंजिनिअर आहेत, त्यांनी सगळी उत्तरं बरोबर दिली. पहिली आली जिवली देवू.

तिची गुरू म्हणून तुझाही सत्कार आहे. ये. हात जोडतो.

सुजित

*

मनोर
६ जानेवारी

सुजित,

वाचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, थट्टा केलीस.

शाळेचं दार बंद केलेल्या पोरीचा सत्कार! अरे, लाज कशी वाटली नाही लिहिताना? लिहिताना तुला तिचा चेहरा तरी आठवला का? ऑगस्टमध्ये पडदा बसवायला आलास तेव्हा हिनेच तुला पाणी आणून दिलं होतं.

चाळीस शाळांचं मला सांगू नकोस. चाळीस शाळांत असेच अकरा अकरा धरलेस तर किती पोरं दाराबाहेर बसतील, त्याचा हिशेब कर. तुमच्या साहेबांना हिरवा रंग बघायचाय ना, भिंतीला द्या म्हणावं.

आणि अण्णांना मधे घालू नकोस. अण्णांनी नाकातोंडात रंग घेतला, पण हजेरीच्या कार्डावर दुसऱ्याचा ठसा कधी मारला नाही.

त्या पोरीच्या वाटेला जाऊ नकोस. हे शेवटचं सांगते आहे. कार्यक्रमाला मी येईन की नाही ते माझं मी बघेन.

वर्षाताई

*

भट्टीवरून
१७ तारीक

बाईना नमस्कार,

मी जिवली. बाबा रेशनला येतो हाय, त्याच्या हातात हे पत्र दिलंय. कागद मुकादमाच्या वहीचा हाय, त्यानंच दिला.

बाई, काल गाडी आली होती. तुमचा भाऊ होता. आमी सगळी घाबरलो, बाबाला वाटलं पोलीस. त्यांनी मला नवीन फ्रॉक दिला, बूट दिले, धीरजला बिस्कीट दिलं. ते बोलले, पालघरला मोठ्या हॉलात जायचं, माईकवर बोलायचं. काय बोलायचं ते लिहून दिलंय. ‘मी रोज शाळेत जाते. मला टॅबवर शिकायला आवडते. माझ्या बाईंनी मला शिकवले.’ मी पाठ केलं. आता न बघता येते.

मी त्यांना बोलली, मी रोज शाळेत जात नाय. ते गाडीकडं गेले, परत आले. मग बोलले, तू एवढं बोल, मग मी तुला इकडच्या शाळेत घालतो, नक्की घालतो. आय बोलली, बोल ना, काय जाते आपलं.

बाई, तुमी आम्हाला सांगितलेलं का खोटं बोलायचं नाय. पण बोलली तर शाळेत घेतील. नाय बोलली तर नाय घेणार. मी बोलू का? तुमी सांगाल तसं करीन.

इकडच्या शाळेची घंटा भट्टीवर ऐकू येते.

तुमची
जिवली
इयत्ता चौथी

*

मनोर
१८ जानेवारी

जिवली बाळा,

तुझं पत्र मिळालं. अक्षर छान आहे, वळण सुटलेलं नाही. कागद दिला म्हणून मुकादमाला माझा नमस्कार सांग.

तू काही बोलू नकोस. खरंही नको आणि खोटंही नको. तुझ्याकडून काही चूक झालेली नाही, त्यामुळे तू कुणाला काही सांगायचं नाही. त्या दिवशी मी तिथे असेन. माईक तुझ्या हातात दिला की माझ्याकडे दे. बोलायचं ते मी बोलते.

बूट पायाला बरोबर बसतात का? बसत असतील तर ठेव. ते परत द्यायचे नाहीत.

तुझ्या बाई

*

बोईसर
२५ जानेवारी

ताई,

झालं तुझं समाधान?

सगळ्या हॉलसमोर! साहेब पुढच्या रांगेत, फोटोवाले उभे, आणि तू त्या पोरीच्या हातातून माईक घेऊन म्हणालीस, ‘ही मुलगी दहा नोव्हेंबरपासून माझ्या वर्गात नाही. तेव्हापासूनचा एकही पाठ हिने सोडवलेला नाही. पासवर्ड माझा होता, तो मी माझ्या भावाला दिला, चूक माझी आहे.’ आणि मग माझ्याकडे बोट दाखवलंस. बोट! परक्या माणसाकडे दाखवतात तसं. अकरा पोरांची नावं तू कागद न बघता म्हणालीस.

घरी येऊन अण्णांना सांगावं लागलं. ते जेवले नाहीत, अंगणात जाऊन बसले. आई रडते आहे. वैभवी माझ्याशी बोलत नाही, ती तुझ्या बाजूची आहे म्हणे. मला मंगळवारी कंपनीत बोलावलंय, काढून टाकल्याचं पत्र तयार असेल. चाळीस शाळांचं रद्द. तू फक्त मला बुडवलं नाहीस, त्या सगळ्या पोरांना बुडवलंस. तुला एका पोरीपुढे काही दिसलं नाही.

एक विचारतो. मला आदल्या दिवशी सांगितलं असतंस तर?

आणि हो, मी भट्टीवर गेलो होतो तेव्हा काय दिसलं ते मी तुला लिहिलं नाही. लिहिणारही नाही. पण ती म्हणाली ‘मी रोज शाळेत जात नाय’, तेव्हा मला गाडीत जाऊन बसावं लागलं, एवढं तुला सांगतो. तरी मी तिला तो कागद पाठ करायला दिला. आता म्हण काय म्हणायचं ते.

सुजित

*

मनोर
९ फेब्रुवारी

सुजित,

आदल्या दिवशी सांगितलं असतं तर तू गाडी पाठवून पोरीला बदललं असतंस. दुसरी कुणीतरी आणली असतीस, माझ्या वर्गातली मोनाली नाहीतर आणखी कुणी. मी तुला लहानपणापासून ओळखते. म्हणून नाही सांगितलं.

गाडीत जाऊन बसलास ते बरं केलंस. पण बसून उठलास आणि कागद दिलास, ते मी विसरणार नाही. अजून मला तुझा राग येतो. सकाळी उठल्याबरोबर येतो, चहा ठेवताना येतो. चौकशीच्या जबाबात तुझं नाव मी लिहिलं आहे. भाऊ म्हणून गाळलं नाही. अण्णांना भेटून आले. ते एवढंच म्हणाले, “जेवून जा.” जेवले.

माझं झालं ते तुझ्या कानावर आलंच असेल. निलंबन. मंगळवारी आदेश हातात पडला. भावेश सरांना माझ्या शाळेचा चार्ज दिलाय, ते तेरा पोरांना घेऊन बसतात. पहिल्या दिवशी मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. बारा वर्षांत एक दिवस उशिरा गेले नव्हते.

मग तो आदेश नीट वाचायला घेतला. तीन पानं. त्यात काय लिहिलंय माहीत आहे? ‘खालील अकरा विद्यार्थी दिनांक १० नोव्हेंबर २०२५ पासून शाळेत प्रत्यक्ष अनुपस्थित असताना त्यांची खोटी हजेरी नोंदवली.’ खाली अकरा नावं. जिवली पाचव्या क्रमांकावर. जावक क्रमांक, गोल शिक्का, शिक्षणाधिकाऱ्यांची सही. मी वाचता वाचता उठून उभी राहिले. अरे, ही पोरं माझ्या शाळेत नाहीत हे सांगणारा सरकारी कागद दोन महिने मी शोधत होते! माझ्या हाताने लिहिलेली कार्डं कुणी मानली नाहीत. पोर्टल दुरुस्त व्हायला मार्च उजाडेल म्हणतात. आणि हा कागद माझ्याच नावावर आला होता.

मनोरला पंधरा झेरॉक्स काढल्या. दुकानदार वाचून म्हणाला, “बाई, हे कशाला लोकांना वाटता?” मी म्हटलं, तुम्ही काढा.

बुधवारी पहाटेच्या एसटीने भट्टीवर गेले. देवूला म्हटलं, पोरीला आंघोळ घाल. तिने तो फ्रॉक घातला नाही, शाळेचा जुना निळा घातला, तो आता तिला आखूड झालाय. बूट मात्र घातले. त्या घाबरट हेडमास्तरांपुढे मी आदेश ठेवला. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “बाई, हा तुमचाच का?” मी म्हटलं, माझाच. आता ही मुलगी कुठेच हजर नाही, याच्यावर शिक्का आहे. घेता का?

त्यांनी रजिस्टर ओढलं आणि नाव लिहिलं. मग स्वतः उठून मला पाणी आणून दिलं.

चार दिवसांत तीन भट्ट्या झाल्या, सात पोरं बसली शाळेत. चार उरली आहेत, ती उद्या आणि परवा. एका ठिकाणी मास्तर म्हणाले, निलंबित बाईचं कशाला ऐकू? तिथे मी व्हरांड्यात बसून राहिले, दुपारपर्यंत. त्यांनी घेतलं.

जिवलीला वर्गाच्या दारापर्यंत सोडायला गेले होते. आत पोरं ओरडून पाढे म्हणत होती. ती आत जाईना. माझ्या पदराला धरून उभी. मला वाटलं, घाबरली. पण तसं नव्हतं. तिने विचारलं, “बाई, आता तुमी कुठल्या शाळेत जाणार?”

सुज्या, मी तिला म्हटलं, आत जा, तास सुरू झालाय.

वर्षाताई